कोरीन व्हीचचं लायसन्स

सलायना, कॅन्सस
९ मार्च २०१४

प्रिय कोरीन,

फोनच केला असता, पण तीस-बत्तीस वर्षं शर्यतीच्या गाड्यांशेजारी उभं राहिल्यावर माझ्या कानांत जे काही शिल्लक आहे, त्याला फोनवरचा माणूस म्हणजे बाटलीत अडकलेली माशी वाटते. म्हणून कागद घेतला.

मी बरा आहे. पर्लचा मागचा पाय आखडतो. रोज सकाळी आम्ही दोघं फाटकापर्यंत जातो आणि आधी कोण मागे वळतं ते बघतो. बहुतेक वेळा कुत्रीच जिंकते.

आपल्या रेसिंग असोसिएशनचं पत्रक तुला आलंच असेल. वाचलं नसशील तर थोडक्यात सांगतो. टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या रस्त्यावरच्या शर्यतीत आपला कुणी लायसन्सधारक उतरला, तर त्याचं लायसन्स रद्द. रस्ता पोलिसांनी अडवलेला असो, काउंटीची परवानगी असो, ॲम्ब्युलन्स उभी असो, काही फरक पडत नाही. आपल्या ट्रॅकवर पळा, नाहीतर त्यांच्या रस्त्यावर पळा. दोन्ही चालणार नाही.

तुला का लिहितोय? तुल्साच्या पार्ट्सच्या दुकानातला बडी परवा म्हणाला, "हार्ल, तुझ्या सुनेच्या अंगणात चॅनेलची गाडी उभी होती. आता ती नटी होणार बघ." मी म्हटलं, गवत कापायचं मशीन विकायला आले असतील. तो हसला. मी नाही हसलो.

तसं काही नसेल तर हे पत्र फाडून टाक.

हार्ल


सॅपुल्पा, ओक्लाहोमा
२१ मार्च २०१४

प्रिय हार्ल,

गवत कापायचं मशीन नव्हतं. चॅनेलवालेच होते. पेरिन नावाची बाई आहे, तीच सगळं बघते. स्वयंपाकघरात बसून दोन कप कॉफी प्यायली आणि म्हणाली, "तुमच्यासारखी बाई आमच्याकडे नाही." मी म्हटलं, माझ्यासारख्या बायका गावातल्या प्रत्येक दुकानात रांगेत उभ्या असतात.

मी अजून हो म्हटलेलं नाही. पण म्हणणार आहे. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. तुमचा ग्लेन गेल्यानंतर ऑक्टोबरमध्ये मी आपल्या ट्रॅकवर दोनदा पळाले, तुम्हाला माहीत आहे, शर्यत सुरू करायचे दिवे तुम्हीच सोडलेत. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, मीही तुमच्याकडे बघितलं नाही. ते ठीकच होतं. पण बाकीचे? मी गाडीतून उतरले की लोक टोप्या काढायचे. गाडी तपासणारा पोरगा माझ्या सीटचा पट्टा असा ओढून बघायचा की जणू पट्टा दुखावेल. आणि दुसऱ्या फेरीत शेजारच्या लेनमधल्या माणसाने मध्येच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, हार्ल. मी जिंकले. घरी आले, चषक फ्रीजवर ठेवला आणि भांडी घासली. मला काहीही वाटलं नाही. आनंद नाही, राग नाही. ताशी दोनशे मैलांच्या जवळ गेले होते, आणि सकाळी मुलांना घेऊन स्कूल बस चालवते तेव्हाही तेवढंच वाटतं. बसमध्ये निदान कुणीतरी ओकतं.

मग ती पेरिन मला त्यांच्या लोकांना भेटवायला घेऊन गेली. बंद पडलेल्या एका सुपरमार्केटसमोरची मोकळी जागा, भर दुपार. दहा-बारा गाड्या, बॉनेट उघडी. कोण कोणाशी पळणार यावर नुसती भांडणं. तिथे टेटर ग्रिम्सली म्हणून एक जण आहे, पोट पुढे, दात पिवळे. त्याने माझ्या जुन्या नोव्हा गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ओरडला, "काय ओ बाई, स्टॉप चुकलात का? इथे मुलं उतरत नाहीत, इथे मुलांचे बाप उतरतात, आणि तेही रडत!"

सगळे हसले. माझे कान तापले. खरंच तापले, हात लावून बघितला. मी म्हटलं, "तुझा बाप माझ्याच बसने जायचा, अजून भाडं द्यायचाय." हे कुठून सुचलं मला माहीत नाही. स्कूल बसला भाडं नसतं.

ऑगस्टपासून माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. त्यांना ग्लेन माहीत नाही. त्यांच्यासाठी मी एक जाडजूड बाई आहे आणि माझी गाडी भंगार आहे. बस, एवढंच हवंय मला.

आणि असोसिएशनला माझी काळजी आहे म्हणून हा नियम, असं मला सांगू नका. तुमच्या गॅलऱ्या ओस पडायला लागल्यात आणि त्यांच्या कार्यक्रमाला माणसं घरबसल्या चिकटलीत, म्हणून आहे.

पर्लला सांगा, जिंकत राहा.

कोरीन


सलायना
३० मार्च २०१४

प्रिय कोरीन,

गॅलऱ्या ओस पडल्यात हे खरं आहे. काही लोकांनी त्यासाठीच हात वर केले असतील. माझं कारण ते नाही. माझं कारण ऐक.

मी सतरा वर्षांचा होतो, तेव्हा आमच्याकडे ट्रॅक नव्हता. गव्हाच्या शेतांमधून जाणारा सरळ रस्ता होता, आणि शनिवारी दुपारी अर्धं गाव त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं. व्हर्ना लूस माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. हातात संत्र्याच्या सरबताची बाटली. म्हणाली, "हार्ल, सरक, मला काही दिसत नाही." मी सरकलो. दोन गाड्या आल्या, एक घसरली. मी उभा होतो आणि ती नव्हती. एवढंच. रस्त्यावर पळवणारे दोघंही चांगले चालक होते. तेव्हाही पोलिसाने रस्ता अडवला होता, त्याचा भाऊच पळत होता.

त्यानंतर आमच्या पाद्र्याने आणि शेरीफने जुन्या विमानतळाची धावपट्टी मिळवली, कठडे घातले, आणि म्हणाले, पळायचं तर इथे पळा. मी तिथे पहिल्या दिवशी झाडू मारला. नंतर दिव्यांचं बटण माझ्या हातात आलं.

लोकांना वाटतं लायसन्स म्हणजे तू किती जोरात पळतेस त्याचा दाखला. तसं नाही. लायसन्स म्हणजे आम्ही लोकांना सांगतो की हिच्या बाजूला उभं राहायला हरकत नाही. तेच नाव तू टीव्हीवर कठडे नसलेल्या रस्त्यावर घेऊन गेलीस, तर बघणारं पोरगं काय म्हणेल? म्हणेल, लायसन्सवालीसुद्धा पळते, मग मी का नाही?

तू लिहिणार हे मला माहीत आहे, म्हणून मीच लिहितो. ग्लेन कठड्यांच्या आत गेला. लायसन्स होतं, गाडी तपासली होती, हेल्मेट नवीन होतं, टायर फुटला. कुणाचीही चूक नव्हती. हे मी स्वतःला रोज सांगतो आणि रोज ते खरं असतं.

आणखी एक गोष्ट. त्याच्या गाडीचा ७१८ नंबर तू आपल्या नावावर घेतलास. तुझं लायसन्स गेलं, तर तो नंबरही परत जाईल आणि कुणालातरी दिला जाईल. तो नियमही मी बनवलेला नाही.

मला वाटतं तू रागावली आहेस. असोसिएशनवर, ट्रॅकवर, बटण दाबणाऱ्यावर. राग काढायचाय तर इथे ये आणि माझ्यावर काढ. ओरडलीस तरी चालेल, मला निम्मं ऐकू येणार नाही.

हार्ल


सॅपुल्पा
१२ मे २०१४

प्रिय हार्ल,

मी रागावलेली नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. कुणी बाजारात राग विकत असेल तर मी दोन पौंड घेईन.

गेल्या आठवड्यात शर्यत झाली. ओकमल्गीच्या पुढे सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंना पिकॅनची झाडं. पहाटे बंद केला होता. सूर्य उगवायच्या आत कॅमेरे लागले, कारण पेरिनला तो उजेड हवा होता. रस्त्यावर दिवे नव्हते. एक माणूस हातात टॉर्च घेऊन मध्ये उभा राहिला. टॉर्च लागला की निघायचं. मला तुमची आठवण आली.

माझ्यासमोर टेटरच. निघायच्या आधी खिडकीतून ओरडला, "बाई, शाळा उघडायच्या आत घरी पोचवतो तुला!" मी म्हटलं, "तुझा डबा कोण भरणार?" मला मजा वाटत होती, हार्ल. लिहिताना लाज वाटतेय, पण वाटत होती.

रस्ता खडबडीत होता. नोव्हा दोनदा बाजूला ओढली गेली, मी तिला परत आणलं. बॉनेटभर पुढे राहून जिंकले. दुसऱ्या टोकाला गाडी थांबवून बसले, आणि माझे हात कापत होते. कितीतरी महिन्यांनी. मला वाटलं, चला, आहे काहीतरी आत.

मग पेरिन आली. तिने मला झाडाखाली खुर्चीवर बसवलं, चेहऱ्याला पावडर लावून घेतली, आणि म्हणाली, "आता कॅमेऱ्याकडे बघून ग्लेनला सांगा, की तुम्ही जिंकलात."

मी विचारलं, "ग्लेनचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

ती म्हणाली, "अहो, तुम्हाला घेतलंच त्यासाठी."

तिने तीनदा विचारलं. वेगवेगळ्या आवाजात. तिसऱ्यांदा तिच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं. मी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, "ग्लेनला तळलेली भेंडी आवडायची." तेवढंच सुचलं. तिने कॅमेरा बंद करायला सांगितला.

मी गाडी ट्रेलरवर चढवत होते, तेव्हा टेटर आला. टोपी हातात. तशीच काढलेली, आपल्या ट्रॅकवरच्या लोकांसारखी. म्हणाला, "बाई, तुमच्या नवऱ्याचं ऐकून फार वाईट वाटलं होतं. मी तुमच्या ट्रॅकच्या गॅलरीत होतो त्या दिवशी. तुम्हाला जे बोललो ते सगळं मला पेरिनने लिहून दिलं होतं. पहिल्या दिवशीचंही. बसचंसुद्धा."

मी म्हटलं, "बरं."

तो म्हणाला, "डब्याचं उत्तर तुमचं भारी होतं."

मी पुन्हा म्हटलं, "बरं." ट्रेलरचे पट्टे ओढले. घरी आले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मुलांनी विचारलं, "तू टीव्हीवर येणार?" मी म्हटलं, खाली बसा, नाहीतर बस हलणार नाही.

तुमचं म्हणणं बरोबर असेल. असेलच. असोसिएशनच्या समितीला जे करायचं ते करू द्या.

कोरीन


सलायना
३ जून २०१४

प्रिय कोरीन,

असोसिएशनचं अधिकृत पत्र तुला टपालाने येईल. ते वकिलाने लिहिलंय, म्हणून हे मी लिहितो.

विभागाच्या शिस्त समितीत तीन माणसं असतात. त्यातला एक मी आहे. हे तुला आधी सांगायला हवं होतं. मला वाटलं तू जाणार नाहीस, म्हणजे सांगायची वेळच येणार नाही.

मिसेस ऑस्ट्रँडर अध्यक्ष आहेत. त्या म्हणाल्या, "हार्ल, तू या विषयात बाहेर बस. कुणी काही म्हणणार नाही. उलट बसला नाहीस तर म्हणतील."

मी म्हटलं, "व्हीच आडनाव बघून बाहेर बसलो, तर मग इतकी वर्षं बाकीच्या आडनावांना कशाला शिक्षा केली?"

तिसरा ल्यूक हॅगर्टी, तरुण आहे, तुला ओळखतो. तो म्हणाला, "बाईंनी काय केलं? दुःखात होत्या, गेल्या. ताकीद द्या आणि सोडा." त्याने विरोधात मत दिलं. मिसेस ऑस्ट्रँडरनी रद्द करायच्या बाजूने दिलं. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.

मी रद्द करायच्या बाजूने हात वर केला.

तू लिहिलंस की त्या रस्त्यावर गाडी दोनदा ओढली गेली. पिकॅनच्या झाडांमध्ये कॅमेरे धरून किती माणसं उभी होती, ते तू लिहिलं नाहीस. मी मोजायचा प्रयत्न करत होतो आणि मग थांबलो.

ल्यूक बाहेर पडताना मला म्हणाला, "तुम्ही माणूस आहात की वीट?" मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. ऐकू आलं होतं.

पुढच्या वर्षी तुला पुन्हा अर्ज करता येईल, लेखी हमी देऊन. नंबर मात्र परत येणार नाही.

टेटरबद्दल वाचून वाईट वाटलं. तुला एक चांगला शत्रू मिळाला होता.

हार्ल


सलायना
२० जुलै २०१४

प्रिय कोरीन,

तू उत्तर दिलं नाहीस. ठीक आहे.

७१८ जॉपलिनच्या एका मुलीला दिला. शनिवारी ती पळाली. जरा उशिरा निघते, पण गाडी सरळ ठेवते. मी दिवे सोडले. काही झालं नाही. म्हणजे मला काही झालं नाही, असं म्हणायचंय.

टोमॅटो यंदा फार आलेत. शेजाऱ्यांनी दार उघडणं बंद केलंय.

हार्ल


सलायना
५ ऑक्टोबर २०१४

प्रिय कोरीन,

तुझा भाग काल संध्याकाळी लागला. तू बघितलास का, माहीत नाही. मी बघितला. आवाज मला लागत नाही, मी खाली येणारी अक्षरं वाचतो. "इंजिनाचा आवाज." "टायर घासल्याचा आवाज." "गंभीर संगीत."

तू चांगली पळालीस. दुसऱ्यांदा गाडी ओढली गेली तेव्हा तू घाबरून पाय काढला नाहीस, हळूहळू परत आणलीस. ग्लेनला ते कधीच जमलं नाही. भेंडीचं वाक्य त्यांनी ठेवलंय. त्याखाली "गंभीर संगीत" लिहून आलं.

त्यानंतर त्यांनी ग्लेनची शेवटची शर्यत दाखवली. गॅलरीतून कुणीतरी काढलेली. तुला हे आधी कुणी सांगितलं होतं का? मला नव्हतं सांगितलं. मी ती कधी पाहिली नव्हती. असोसिएशनने चौकशीच्या वेळी विचारलं होतं, मी नको म्हणालो होतो.

कोरीन, मला त्या दिवसाचं एकच आठवतं. मी धावलो. टायर फुटल्याचं दिसलं, लाल गाडी कठड्यावर चढली, आणि मी धावत सुटलो. गुडघा दुखत होता, श्वास पुरत नव्हता, ते सगळं आठवतं. पाद्र्याला मी तेच सांगितलं. स्वतःला तेच सांगत आलो.

मी धावलो नाही. टीव्हीवर दिसतं. बाकीचे सगळे धावतात. मी मागे वळतो. ग्लेनकडे पाठ करतो. माझ्या मागे पुढच्या शर्यतीची जोडी इंजिन चालू ठेवून उभी होती, ते त्यांच्याच नादात होते, त्यांना काही दिसलेलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन दोन्ही हात पसरतो. नियम तोच आहे. ट्रॅक बंद झाल्याशिवाय कुणी पुढे यायचं नाही. नियम बरोबर आहे, त्यांतलं कुणी निघालं असतं तर धावणाऱ्यांच्या अंगावर गेलं असतं.

ते दोघं इंजिन बंद करतात. उतरतात. माझ्या बाजूने धावत जातात. आणि मी तसाच उभा. रिकाम्या गाड्यांसमोर हात पसरून, शेतातल्या बुजगावण्यासारखा. कॅमेरावाला मध्येच पलीकडचा धूर दाखवतो, परत येतो, मी तसाच.

मग डावीकडून एक बाई येते. अंगात शर्यतीचा पोशाख, वरची चेन उघडी. सगळे तिकडे धावतायत आणि ती माझ्याकडे येते. माझा उजवा हात धरते आणि खाली घेते. मग डावा. वाळत घातलेले कपडे काढावेत तसे. मग ती तिकडे धावत जाते.

ती तू आहेस.

मला यातलं काहीही आठवत नाही. मी टीव्ही बंद केला आणि खुर्चीत बसून राहिलो. पर्ल येऊन पायावर डोकं ठेवून बसली. तू आधी माझ्याकडे का आलीस?

मताबद्दल मी विचार बदललेला नाही. हे लिहून ठेवतो, नाहीतर तुला वाटेल त्यासाठीच पत्र लिहिलंय.

हार्ल


सॅपुल्पा
१४ ऑक्टोबर २०१४

प्रिय हार्ल,

त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी भाग बघितला नव्हता. तुमचं पत्र आल्यावर शेजारच्या मिसेस टिगरकडे जाऊन बघितला, तिने साठवून ठेवला होता. ती बाहेर जाऊन झाडांना पाणी घालत बसली, म्हणजे मला एकटीला बघता यावं. पाऊस पडत होता.

ती मीच आहे. मलाही आठवत नाही.

का आले ते विचारलंत. तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी लिहिता येईल, पण तुम्ही मला कधी खोटं लिहिलं नाहीत. मला वाटतं मला तिकडे जायचं नव्हतं. तिकडे पोचेपर्यंत ते खरं नव्हतं. वाटेत तुम्ही होतात.

तुमच्या मताचा मला राग नाही. मी त्या समितीत असते तर मीही तोच हात वर केला असता. झाडांमध्ये सोळा माणसं होती. मी मोजली होती, लिहिली नव्हती. उत्तर दिलं नाही, कारण नंबर माझ्यामुळे गेला आणि त्यावर काय लिहायचं ते सुचलं नाही.

थँक्सगिव्हिंगला या. दोघांपुरती टर्की मिळत नाही, कोंबडी करीन. पर्लला आणा.

कोरीन


सॅपुल्पा
३० नोव्हेंबर २०१४

प्रिय हार्ल,

तुम्ही नीट पोचलात, हे बडीकडून कळलं. तो म्हणाला, "तुझा सासरा रस्त्याने असा गाडी चालवतो की मागची म्हातारी माणसंसुद्धा हॉर्न वाजवतात."

तुम्ही गेल्यावर घर आवरलं. तुमचा चष्मा बाथरूममध्ये राहिलाय, तो सोबत पाठवतेय. पर्लने ज्या उशीचा फडशा पाडला, ती माझ्या आईची होती आणि मला कधीच आवडली नव्हती, तेव्हा माफी मागू नका.

आपण फारसं बोललो नाही. तुम्ही पर्लबद्दल सांगितलंत, मी बसच्या गिअरबद्दल. तुम्ही कोंबडी दुसऱ्यांदा घेतलीत. मिसेस टिगर भोपळ्याची पाई घेऊन आली आणि तुमच्या कानाशी ओरडली, "यांची सून देवदूत आहे!" तुम्ही म्हणालात, "हो, टायर महाग झालेत." ती गेल्यावर मला हसू आलं. तुम्ही विचारलंत काय झालं, मी म्हटलं काही नाही.

लायसन्ससाठी पुढच्या वर्षी अर्ज करायचा की नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, त्याबद्दल आभार. मी करणार आहे. हमीच्या कागदावर सही करीन आणि पाळीनही. नंबर जो मिळेल तो घेईन. समितीत तुम्ही असाल तर बाहेर बसू नका.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते.

जेवण झाल्यावर तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत झोपलात. दुपारचं ऊन तुमच्या गुडघ्यांवर होतं. मी आत भांडी घासत होते. नळ चालू होता. तुम्ही झोपेत हाक मारलीत, "ग्लेन!" ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, घरभर. पूर्वी तुम्ही यायचात तेव्हा गॅरेजच्या दिशेने मारायचात, तशीच. रागाने नाही. जेवायला बोलवावं तशी.

आणि मी आतून म्हटलं, "तो येतोय हो! हात धुतोय."

विचार न करता म्हटलं. इतकी वर्षं तसंच म्हणत आले होते, तो नेहमी उशीर करायचा. म्हटलं, आणि माझ्याच हातांवरून पाणी वाहत होतं, आणि मग माझं मलाच ऐकू आलं.

मी तिथेच फरशीवर बसले, हार्ल. फडकं तोंडात कोंबलं, मग काढून टाकलं, कारण तुम्हाला ऐकू येणार नव्हतं. पर्ल आली, दारात उभी राहिली, आणि बऱ्याच वेळाने तीही बसली. नळ चालूच राहिला. तुम्ही उठून आत आलात तोवर मी उभी होते, आणि तुम्ही म्हणालात, "पाण्याचं बिल कोण भरतं?"

तुम्ही हाक मारलीत हे तुम्हाला माहीत नसेल. मी उत्तर दिलं, हेही माहीत नसेल. म्हणून लिहिलं.

कोरीन